रस्त्याकडेचे इतिहासफलक

व्हर्जिनिया हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक जुने राज्य होय. त्याच्या दक्षिण भागात तंबाखूच्या शेतांचा, पाइनच्या झाडीचा व हलक्या चढउतारांचा जो प्रदेश आहे, त्यात प्रिन्स एडवर्ड नावाची एक कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्यासारखा कारभाराचा विभाग. तिला स्वतःचे न्यायालय असते, दप्तर असते, लोकांनी निवडून दिलेले मंडळ असते आणि शाळांची व्यवस्थाही तिच्याकडेच असते. प्रिन्स एडवर्ड कौंटी 1754 साली अस्तित्वात आली. आज तिची लोकवस्ती बावीस हजारांच्या आसपास आहे. अ‍ॅपोमॅटॉक्स नावाची नदी तिच्या उत्तर सीमेवरून वाहते आणि नदीकाठचे फार्मव्हिल हे तिचे मुख्य ठाणे आहे. जगाच्या इतिहासात नाव निघावे असे येथे काही घडले असेल, अशी कल्पना मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला सहसा येत नाही.

परंतु या रस्त्यांवरून जाताना अधूनमधून कडेला एका खांबावर बसविलेला धातूचा रुपेरी फलक दिसतो. त्यावर उठावाची काळी अक्षरे असतात, एक शीर्षक असते आणि खाली फार तर शंभर शब्दांचा मजकूर असतो. फलकाच्या माथ्यावर व्हर्जिनियाची राजमुद्रा कोरलेली असते. तिच्यात हातात भाला घेतलेली एक वीरांगना उभी आहे. ती सद्गुणाची मूर्ती होय. तिच्या पायाखाली एक जुलमी राजा पडलेला असून त्याचा मुकुट बाजूला घरंगळला आहे. इंग्लंडच्या राजसत्तेविरुद्ध वसाहती उठल्या, त्या 1776 सालची ही मुद्रा आहे. प्रत्येक फलकाला एक अक्षर व एक आकडा दिलेला असतो, तळाशी तो उभारणाऱ्या सरकारी खात्याचे नाव असते आणि बहुधा सालही असते. घाईचा प्रवासी हे तळाचे साल वाचत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते सर्वांत आधी वाचावे. त्याचे कारण पुढे येईल.

व्हर्जिनियात हे फलक 1927 सालापासून लागू लागले. त्या काळी मोटारींचा प्रसार नुकताच होत होता. रस्ते सुधारत होते, लोक सहलीसाठी घराबाहेर पडत होते. राज्याच्या एका नव्या आयोगाने असा विचार केला की, रस्त्याच्या कडेला इतिहास लिहून ठेवला, तर प्रवासी थांबतील, चार दिवस राज्यात राहतील आणि त्यांच्याबरोबर पैसाही येईल. तेव्हा ज्ञानप्रसार आणि व्यापार या दोन्ही हेतूंनी पहिले फलक राजमार्ग क्रमांक 1 वर उभे राहिले. आता साऱ्या राज्यात त्यांची संख्या 2,600 हून अधिक झाली आहे. नवा फलक हवा असेल, तर आज कोणाही नागरिकाला वा संस्थेला अर्ज करता येतो. विधानांना पुरावा जोडावा लागतो, राज्याचे मंडळ मजकूर तपासून मंजूर करते आणि ओतकामाचा खर्च अर्जदाराला सोसावा लागतो.

आपल्याकडे गावाच्या वेशीवर वीरगळ असतात, देवळाच्या भिंतीत शिलालेख असतात. ते ज्या काळात घडले त्याच काळाने कोरून ठेवलेले असतात. हे फलक तसे नव्हेत. ते घटनेनंतर पन्नास, शंभर किंवा दोनशे वर्षांनी लिहिलेले असतात. त्यामुळे प्रत्येक फलक दोन काळांची साक्ष देतो. एक काळ, ज्याची हकीकत त्यावर आहे तो. दुसरा काळ, ज्याला ती हकीकत सांगावीशी वाटली तो.

फार्मव्हिलहून दक्षिणेकडे 15 क्रमांकाच्या मार्गाने निघाले, म्हणजे वर्शम नावाची लहानशी वस्ती लागते. तेथील फलकावरून कळते की, एके काळी कौंटीचे ठाणे येथे होते. ठाणे पुढे फार्मव्हिलला गेले आणि गावाची रया गेली. तथापि ऋणकोंचा तुरुंग म्हणून 1787 च्या सुमारास बांधलेली लाकडी ओंडक्यांची एक इमारत येथे अजून उभी आहे. कर्ज फेडता येत नाही एवढ्याच अपराधासाठी माणसाला कोंडून ठेवण्याचा तो काळ होता. अमेरिकन स्वातंत्र्याचा प्रसिद्ध वक्ता पॅट्रिक हेन्री हाही काही वर्षे याच कौंटीत राहत असे, आणि 1788 साली राज्यघटनेचा विचार करण्यासाठी भरलेल्या सभेत तो या कौंटीचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. जवळच 1775 साली स्थापन झालेले हॅम्पडेन-सिडनी महाविद्यालय आहे. तेही आज चालू आहे.

फार्मव्हिलच्या पूर्वेला गेले, म्हणजे फलकांवर एकच विषय येऊ लागतो. तो म्हणजे एप्रिल 1865 मधील सेनापती लीची माघार. दक्षिणेकडील राज्यांनी गुलामगिरी टिकविण्यासाठी संघराज्यातून फुटून जे युद्ध चार वर्षे चालविले, त्याचा अंत याच रस्त्यांवर झाला. 6 एप्रिल रोजी सेलर्स ओढ्याच्या काठी लीच्या सैन्याचा जवळजवळ चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे 7,700 माणसे, हातची गेली. त्यांपैकी बहुतेक कैद झाली, आणि कैद्यांत आठ सेनापती होते. या ओढ्याचे नाव निरनिराळ्या नकाशांत व पुस्तकांत निरनिराळ्या वर्णांनी लिहिलेले आढळते. ज्याला स्थानिक इतिहासाचा अभ्यास करावयाचा आहे, त्याने अशा गोष्टींची सवय करून घ्यावी हे बरे.

दुसऱ्या दिवशी, 7 एप्रिलला, लीच्या उरलेल्या फौजेच्या एका भागाने 'हाय ब्रिज' हा पूल ओलांडला. 1854 साली पुरा झालेला हा रेल्वेचा पूल सुमारे 2,400 फूट लांब आणि दरीच्या तळापासून 125 फूट उंच होता. त्याच्याच खाली गाड्या व घोडी जाण्यासाठी एक बुटका लाकडी पूल होता. पाठलाग थोपविण्यासाठी दोन्ही पूल जाळण्याचा हुकूम सुटला, परंतु तो अमलात येण्यास उशीर झाला. वरच्या पुलाचे काही गाळे जळाले, आणि खालच्या पुलाची आग मात्र संघराज्याच्या शिपायांनी धावत येऊन विझविली. त्या बुटक्या पुलावरून फौज पार झाली. त्याच संध्याकाळी फार्मव्हिल येथे सेनापती ग्रँटने शरणागतीची सूचना करणारे पहिले पत्र लीला लिहिले. 9 एप्रिलला शेजारच्या कौंटीत ली शरण आला. या घटनेनंतर आठ वर्षांनी, 1873 मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले, हे मराठी वाचकाने येथे स्मरावे. हाय ब्रिजवरून आता गाड्या जात नाहीत. 2012 सालापासून तो पायी व सायकलीने फिरणाऱ्यांसाठी खुला आहे.

येथवर वाचलेल्या फलकांवरून कौंटीची एक कथा तयार होते. ती न्यायालये, महाविद्यालये, जमीनदारांचे वाडे आणि सेनापती यांची कथा आहे. ती खोटी नाही. तथापि ज्यांच्या श्रमावर तंबाखूची शेती उभी होती, ती कृष्णवर्णीय माणसे या कथेत कोठे आहेत? ज्या वर्षांत पहिले फलक लागले, त्या वर्षांत ती कौंटीत राहत होती, कर भरीत होती आणि त्याच रस्त्यांवरून जात होती. मजकूर लिहिणाऱ्यांच्या नजरेत मात्र ती आली नव्हती. तळाचे साल आधी वाचावे, असे वर म्हटले ते याचसाठी.

फार्मव्हिलनजीक इझ्रायल हिल म्हणून एक जागा आहे. तिच्यावर आता फलक आहे. पहिल्या पिढीच्या फलकांत तिला स्थान नव्हते. तिची हकीकत अशी : रिचर्ड रँडॉल्फ नावाचा एक तरुण जमीनदार 1796 साली मरण पावला. त्याने मृत्युपत्रात गुलामगिरीचा तीव्र निषेध करून आपल्या सर्व गुलामांना मुक्त करावे आणि त्यांना जमीन द्यावी, असे लिहून ठेवले होते. इस्टेटीवर कर्ज होते. त्यामुळे त्याच्या विधवेला ही इच्छा पुरी करण्यास चौदा वर्षे लागली. 1810–11 मध्ये सुमारे नव्वद माणसे मुक्त होऊन 350 एकर जमिनीवर वसली. बायबलातील इस्राएल लोक दास्यातून सुटले, त्यांची आठवण ठेवून त्यांनी आपल्या टेकडीला नाव दिले. कोणी शेती करू लागला, कोणी सुतारकाम, तर कोणी अ‍ॅपोमॅटॉक्स नदीतून तंबाखूच्या नावा खाली पीटर्सबर्गपर्यंत नेऊ लागला.

पुढे 1836 साली एका शेतकी मासिकात इझ्रायल हिलवर एक लेख आला. तेथील लोक आळशी आणि निरुपयोगी आहेत, मुक्त झालेल्या गुलामाची गत अशीच होते, असा त्याचा सूर होता. गुलामगिरीच्या कैवाऱ्यांना तो फार सोयीचा वाटला आणि त्याचा हवाला दीर्घकाळ दिला जाऊ लागला. छापलेल्या शब्दाचे वजन असे असते. परंतु मेल्व्हिन इली या इतिहासकाराने कौंटीच्या न्यायालयातील जुनी दप्तरे चाळली. खरेदीखते, मृत्युपत्रे, फिर्यादी, मजुरीचे हिशेब, असे जे कोणी कधी वाचण्यासाठी म्हणून लिहिले नव्हते, ते त्याने ओळीओळीने वाचले. त्यात त्याला वेगळेच चित्र आढळले. टेकडीवरचे लोक गोऱ्या मजुरांच्या बरोबरीने त्याच मजुरीवर काम करीत होते, प्रसंगी न्यायालयात दावा लावून आपला हक्क मिळवीत होते. त्याचे पुस्तक 2004 साली प्रसिद्ध झाले. मासिकातल्या एका लेखाचे म्हणणे खोडण्यास दप्तरखान्यातील इतके कागद आणि जवळजवळ पावणेदोनशे वर्षे लागली.

आता फार्मव्हिल गावात, मुख्य रस्ता आणि ग्रिफिन रस्ता जेथे मिळतात तेथे, विटांची एक बैठी इमारत आहे. तिच्या आवारातील फलकावर रॉबर्ट रसा मोटन हायस्कूल असे नाव आहे. मोटन हे याच भागात लहानाचे मोठे झालेले थोर शिक्षक होते. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यामागे टस्कीगी येथील प्रसिद्ध संस्थेची धुरा त्यांनी वाहिली. त्यांच्या नावाची ही शाळा कृष्णवर्णीय मुलांसाठी 1939 साली बांधली गेली. त्या काळी व्हर्जिनियाच्या कायद्याने गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत.

शाळा 180 मुलांसाठी होती. 1950 च्या सुमारास तीत साडेचारशेहून अधिक मुले शिकत होती. व्यायामशाळा नव्हती, भोजनगृह नव्हते, विज्ञानाची प्रयोगशाळा नव्हती. गोऱ्या मुलांच्या हायस्कुलात या सोयी होत्या. पालकांनी वारंवार अर्ज केले, तेव्हा मंडळाने आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून काही खोपटी उभारून दिली. पाऊस आला की ती गळत. मुले वर्गात छत्री उघडून बसत. थंडीत एका शेगडीभोवती जी मुले असत ती भाजून निघत आणि दूरची मुले कोट अंगावरून काढीत नसत.

बार्बरा जॉन्स ही या शाळेतील सोळा वर्षांची विद्यार्थिनी होती. तिने आपल्या संगीत शिकविणाऱ्या बाईंपाशी एकदा या स्थितीचे गाऱ्हाणे सांगितले. बाईंनी तिलाच उलट विचारले की, मग तू त्यावर काही करीत का नाहीस? हे उत्तर मुलीच्या मनात घर करून राहिले. तिने काही विश्वासू सोबती गोळा केले आणि महिनोन् महिने कोणाला सुगावा लागू न देता बेत आखला. 23 एप्रिल 1951 रोजी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना दूरध्वनी आला की, तुमची काही मुले बसस्थानकावर अडचणीत सापडली आहेत. ते घाईने निघून गेले. लगेच प्रत्येक वर्गात सभागृहात जमण्याची चिठ्ठी पोहोचली. तिच्याखाली मुख्याध्यापकांच्या सहीचे 'जे' हे अक्षर होते, आणि ते मुलांनी केलेले होते. शाळेच्या शिस्तीच्या दृष्टीने ही गोष्ट समर्थनीय नव्हती, हे कोणताही मुख्याध्यापक सांगेल. परंतु पालकांचे अर्ज जेथे वर्षानुवर्षे पडून राहिले होते, तेथे मुलांना दुसरा कोणता मार्ग होता, याचे उत्तर देणे त्यालाही कठीण जाईल.

पडदा उघडला तेव्हा रंगमंचावर मुख्याध्यापक नव्हते, बार्बरा होती. तिने शिक्षकांना नम्रपणे बाहेर जाण्याची विनंती केली आणि मुलांपुढे भाषण केले. नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात जावयाचे नाही, असे ठरले. साऱ्या शाळेने संप पुकारला. तो दोन आठवडे चालला. गावातील चर्चचे धर्मोपदेशक एल. फ्रॅन्सिस ग्रिफिन हे मुलांच्या पाठीशी उभे राहिले. आज शाळेपुढच्या रस्त्याला त्यांचेच नाव आहे. रिचमंडहून ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे वकील आले. त्यांनी मुलांना सांगितले की, केवळ चांगल्या इमारतीसाठी आम्ही दावा लावणार नाही. वेगळ्या शाळांची पद्धतच जावी, अशी मागणी करण्यास तुम्ही आणि तुमचे पालक तयार असाल, तर आम्ही पुढे होतो. मुले इमारत मागण्यास निघाली होती. आता मागणी बदलली. घराघरांत विचार झाला. ज्यांची जमीन गोऱ्या मालकांची होती, ज्यांचे कर्ज गोऱ्या सावकारांकडे होते, अशा पालकांना सही करणे सोपे नव्हते. तरी 23 मे 1951 रोजी 117 विद्यार्थ्यांच्या नावे दावा दाखल झाला. यादीत पहिले नाव डोरोथी डेव्हिस या नववीतील मुलीचे होते, म्हणून तो खटला डेव्हिस खटला या नावाने ओळखला जातो.

मुख्याध्यापकांची नेमणूक पुढील वर्षासाठी चालू ठेवली गेली नाही. बार्बराच्या जिवाला धोका आहे असे वाटून घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठविले. कौंटीने 1953 साली मोटन शाळेसाठी नवी इमारत बांधून दिली. ती मूळ मागणी होती. पण खटला आता मागे घेतला जाणार नव्हता. 17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच खटल्यांचा एकत्रित निकाल दिला आणि वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे घटनेविरुद्ध आहे, असे ठरविले. ब्राउन खटला म्हणून जो जगप्रसिद्ध आहे, त्या पाचांतील एक खटला या शाळेचा होता, आणि वादींपैकी बहुसंख्य मुले इथलीच होती.

निकाल लागला म्हणजे न्याय मिळाला, असे समजण्याचा मोह होतो. प्रिन्स एडवर्ड कौंटीत तसे झाले नाही. 1959 साली एकत्र शाळा सुरू करण्याचा हुकूम झाला, तेव्हा कौंटीच्या मंडळाने शाळांसाठी पैसा मंजूर करण्याचेच नाकारले. सार्वजनिक शाळांना कुलपे लागली आणि ती पाच वर्षे निघाली नाहीत. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उघडण्यात आली. सुमारे 1,700 कृष्णवर्णीय मुलांना शाळा उरली नाही. काही गोरगरीब गोरी मुलेही अशीच राहून गेली. कोणाला दूरच्या नातलगाकडे पाठविले, कोणाला परोपकारी संस्थांनी दुसऱ्या राज्यांत घरे मिळवून दिली, कोणी चर्चच्या तळघरात जमेल तसे शिकले. पुष्कळ मुले शेतावर गेली आणि पुन्हा शाळेत आलीच नाहीत. सहा वर्षांचे मूल, ज्याने पहिलीत जावयाचे, ते अकरा वर्षांचे झाले तरी त्याला अक्षर आले नव्हते. सप्टेंबर 1963 मध्ये देणग्यांवर चालणारी एक मोफत शाळा उघडली. मे 1964 मध्ये धर्मोपदेशक ग्रिफिन यांच्या अपत्याच्या नावाने चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौंटीविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर त्या शरद ऋतूत सार्वजनिक शाळांची दारे उघडली.

शंभर शब्दांच्या फलकात हे सारे मावत नाही. म्हणून फलक वाचून झाल्यावर इमारतीत जावे लागते. जुने मोटन हायस्कूल 1998 साली राष्ट्रीय स्मारक ठरले आणि 2001 साली, संपाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, तेथे संग्रहालय उघडले. शाळा बंद होत्या तेव्हा ज्यांचे शिक्षण सुटले, त्यांना 2003 साली कौंटीने मानाची प्रमाणपत्रे दिली. ती घेणारे तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. बार्बरा जॉन्स पुढे ग्रंथपाल झाली. 1991 मध्ये तिचा मृत्यू झाला, तेव्हा तिचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. वॉशिंग्टनच्या संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. व्हर्जिनियाच्या दोहोंपैकी सेनापती लीचा पुतळा डिसेंबर 2020 मध्ये तेथून हलविण्यात आला आणि त्याच्या जागी बार्बरा जॉन्सची निवड झाली. तिच्या पुतळ्याचे अनावरण 2025 साली झाले. रस्त्याच्या कडेला एकाच कौंटीत ज्यांचे फलक आहेत, त्या दोघांचा असा योग जुळून आला.

2020 सालापासून राज्याने शाळांतील मुलांना आवाहन केले की, कृष्णवर्णीयांच्या इतिहासातील कोणत्या गोष्टीवर नवा फलक असावा, हे तुम्ही सुचवा. मुलांनी सुचविलेल्या विषयांतून काही फलक मंजूरही झाले.

फार्मव्हिलच्या न्यायालयापुढे आणखी एक लेख आहे. तो कौंटीच्या त्याच मंडळाने, ज्याने 1959 साली पैसा नाकारला होता, 2008 साली लावला. बार्बरा जॉन्स आणि तिच्या सोबत्यांचा त्यात गौरव आहे, आणि कुलूपबंद दारांनी ज्यांचे आयुष्य बदलून गेले, त्या मुलांविषयी मंडळाने दुःख व्यक्त केले आहे. त्या दिवसापासून न्यायालयाच्या घंटेच्या मनोऱ्यात त्यांच्या नावाने एक दिवा लावलेला आहे.